नाल्यापलीकडच्या बाळंतपणांची यादी मे महिन्यातच करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा आला की गडचिरोलीची तीच छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात. खाटेची कावड, जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून नाल्यापार नेलेली गरोदर बाई. मग पूल, रस्ते आणि १०८च्या गाडीवर चर्चा होते. पूल हवेतच. पण भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, धानोरा, कोरचीतल्या प्रत्येक नाल्यावर पूल होण्याची वाट न पाहता एक काम करता येते. साप सांगून चावत नाही, बाळंतपणाची खबर मात्र कित्येक महिने आधी असते. जुलै ते सप्टेंबरमध्ये जिची तारीख आहे, ती १५ मेला किमान साडेचार महिन्यांची गरोदर असते. म्हणजे पाणी चढल्यावर कोण अडकणार, हे मे महिन्यात नावानिशी सांगता येते.

यासाठीच ‘माहेरघर’ योजना आहे. दुर्गम गावातल्या गरोदर बाईने प्रसूतीच्या चार-पाच दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या खोलीत येऊन राहायचे, सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल चालते. कल्पना उत्तम. घोळ होतो तो तारखेत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवले की अपेक्षित तारीख निघते. पण पाळीची तारीख विचारली तर उत्तर ‘दिवाळीच्या आसपास’ किंवा ‘धानाची कापणी चालू होती’ असे येते. तिथेच दोन-तीन आठवडे इकडचे तिकडे होतात. सोनोग्राफीने हे सुधारता येते, पण पहिल्या तीन महिन्यांतल्या. तेव्हा फरक आठवड्याच्या आत राहतो. सातव्या महिन्यानंतर केलेली सोनोग्राफी तारखेच्या बाबतीत तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकते. तीन आठवडे चुकू शकणाऱ्या तारखेच्या चार दिवस आधी बाईला बोलावणे म्हणजे नियम पाळल्याचे समाधान, एवढेच.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही स्वस्त. आशाताईच्या पिशवीतले, गरोदरपण तपासण्याचे निश्चय किट कधीच संपू देऊ नये. पाळी चुकल्यावर आठ-दहा दिवसांत तपासणी झाली, तर तारीख तिथल्या तिथे पक्की होते. दुसरे, प्रत्येक उपकेंद्रात गावाचे घटना-कॅलेंडर भिंतीवर असावे: कापणी, मळणी, दिवाळी, आठवडी बाजार, गावातले लग्न. ‘त्या बाजाराच्या आधी की नंतर?’ असे विचारले की अंदाज आठवड्यापर्यंत खाली येतो. जिची तारीख तरीही डळमळीत, तिला पावसाळ्यात तीन आठवडे आधी आणावे. नियमातले चार-पाच दिवस उन्हाळ्यासाठी ठीक आहेत.

पुढचा प्रश्न, आणायचे कुठे? बाई गावाजवळचा नाला ओलांडून आरोग्य केंद्रात आली, पण केंद्र स्वतःच मोठ्या नदीच्या अलीकडे अडकले, तर अडलेल्या बाळंतपणात उपयोग शून्य. सिझेरियन तिथे होत नाही. म्हणून यादीत दोन गट हवेत. आधीचे सिझेरियन, जुळे, आडवे मूल, वाढलेला रक्तदाब, सिकलसेल (आनुवंशिक रक्तविकार), सातच्या खाली हिमोग्लोबिन: अशा बायांना मोठ्या नदीच्या पलीकडे, जिथे शल्यक्रिया आणि रक्त दोन्हीची सोय आहे तिथेच न्यावे. आणि सोय ‘आहे’ म्हणजे त्या आठवड्यात चालू आहे का, हे फोन करून विचारावे. भूलतज्ज्ञ रजेवर गेला की उपजिल्हा रुग्णालय त्या दिवसापुरते आरोग्य केंद्रच बनते. बाकीच्यांना जवळचे माहेरघर पुरते.

रक्तक्षयासाठी तर मे महिना ही शेवटची गाडी आहे. गोळ्यांनी हिमोग्लोबिन हळूहळू वाढते. आठव्या महिन्यात सात-आठ निघाले तर गोळ्या वेळेत पुरे पडत नाहीत. शिरेतून लोह देता येते. आयर्न सुक्रोजसाठी दिवसाआड चार-पाच फेऱ्या होतात, ज्या नाल्यापलीकडून कोणी करत नाही. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजचा एक ग्रॅमचा डोस एकाच बैठकीत जातो, म्हणून दुर्गम भागात तोच साठवावा. मात्र त्याचाही परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात. लोह देण्याआधी सिकलसेलची आणि प्रत्येक भेटीत मलेरियाची तपासणी हवी. राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा या जिल्ह्याचा आहे, आणि सिकलसेलच्या रुग्णाला लोहाची कमतरता ठरल्याशिवाय लोह देणे चुकीचे.

प्रसूतीनंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो. भामरागडहून गडचिरोलीचे महिला व बाल रुग्णालय दीडशे किलोमीटरहून लांब, तेव्हा गाडीच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. बाळ बाहेर येताच, पोटात दुसरे नाही याची खात्री करून, मिनिटभरात रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनचे १० युनिट स्नायूत द्यायचे असतात. पण ते २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, आणि वादळात इथली वीज दिवसचे दिवस जाते. इंजेक्शन आहे, टोचलेही, गुण आला नाही, असे त्यामुळेच होते. अशा केंद्रांत त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या (एकूण ६००) प्रत्येक प्रसूतीमागे हाताशी असाव्यात. त्यांना फ्रीज लागत नाही. ओल मात्र लागू द्यायची नाही, पाकीट आयत्या वेळीच फोडायचे.

बाया माहेरघरात यायला तयार नसतात, ही तक्रार कर्मचाऱ्यांची. रोवणीच्या दिवसांत घर आणि शेत सोडून तीन आठवडे कोण येईल? मजुरी बुडते, घरच्या मुलांना कोण पाहणार, जेवण वेळेवर नाही, माडिया बोलणारे कोणी नाही. जेवण बनवणाऱ्या बचत गटाचे पैसे थकले की चूल थंडावते आणि तिसऱ्या दिवशी बाई घरी परतते. हे पैसे मेमध्ये आगाऊ द्यावेत.

परतीचेही पाहावे लागेल. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरी सोडायला मोफत गाडी आहे, पण ती डांबरी रस्ता संपतो तिथे थांबते. पुढे चार दिवसांच्या बाळाला घेऊन आई नाल्यातून चालते. पाणी उतरेपर्यंत तिला ठेवून घ्यावे. मग आशाताईच्या तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या भेटी माहेरघरातच येतात. घरी जाऊन नवजात बाळ पाहण्याची पद्धत याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत सिद्ध केली, १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती छापून आली आणि पुढे देशभर गेली. आता माहेरघरातल्या भेटी कोणी करायच्या, केंद्राच्या गावातल्या आशाताईने की बाईच्या गावच्या, आणि मानधन कोणाच्या नावावर पडणार, याचा लेखी आदेश जिल्हा परिषदेने पावसाआधी काढावा. सोबत वजनकाट्याचे आणि थर्मामीटरचे सेलही पाठवावेत.

– एक वाचक, आलापल्ली (ता. अहेरी, जि. गडचिरोली)