कात्रीने कापलेल्या दोन गोळ्या

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या पेठेतल्या एका औषध दुकानात उभी होते. पुढच्या पोराला सर्दी झालेली. ‘काहीतरी स्ट्राँग द्या,’ म्हणाला. दुकानदाराने सेफिक्सीम या प्रतिजैविकाची, म्हणजे जीवाणू मारणाऱ्या औषधाची, पट्टी काढली, कात्रीने दोन गोळ्या कापल्या, कागदी पाकिटात टाकल्या. चिठ्ठी नाही, बिल नाही. तांबड्या चौकटीतला इशारा उरलेल्या पट्टीवरच राहिला. सर्दी विषाणूंची, त्यांच्यावर ही गोळी चालतच नाही.

मी जीवशास्त्र शिकवायचे. मुलांना वाटे, जीवाणू औषधाला ‘सरावतात’. तसे नसते. आतड्यातल्या अब्जावधी जीवाणूंपैकी एखाद्यात डीएनएची नक्कल होताना चूक होते आणि तीच त्याला औषधापासून वाचवते. बाकीचे मेले की त्याला रान मोकळे. ई. कोलाय पोषक वातावरणात २० मिनिटांत दुप्पट होतो. त्याहून वाईट प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे कडे. एक जीवाणू दुसऱ्याला चिकटून त्याची प्रत देतो, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूलासुद्धा. एकाच कड्यावर तीन-चार औषधांवरचा तोड असू शकतो. मग तो त्या पोराच्या पोटात कशाला थांबेल? सांडपाण्यातून जयंती नाल्यात, तिथून पंचगंगेत.

सेफिक्सीम २०१४ पासून एच-वन यादीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांत, आहे. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहायचे, वही तीन वर्षे जपायची. पण दुकानदाराने नाही म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, हेही खरे. म्हणून तुमच्या निरीक्षकांनी एवढी वजाबाकी करावी: होलसेलरच्या बिलावर किती पट्ट्या आल्या, वहीत किती गेल्या, कपाटात किती उरल्या.

दूधही तुमच्याच खात्याकडे, म्हणून सांगते. मुलीच्या सासरी म्हशीला दगडी (कासेचा आजार) झाली, सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली. किती दिवस दूध घालायचे नाही, ते ट्यूबवर बारीक अक्षरांत होते. वाचले कुणी नाही. रात्री विरजण लावले, सकाळी दूध तसेच पातळ. विरजणाचे जीवाणूच वाढले नव्हते! सासूबाईंनी विरजणाला दोष दिला. तेच दूध सकाळी डेअरीतही गेले होते.

संकलन केंद्रांवर प्रतिजैविकांची तपासणी दर महिन्याला किती वेळा होते आणि दूध किती वेळा परत जाते, हे आकडे जिल्ह्यानुसार जाहीर करा. सुरुवात कोल्हापूरपासून करा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
शिवाजी पेठ, कोल्हापूर