बोलून दिलेला शेराही धरावा

महोदय,

आठवीच्या ५८ वह्यांत मी वर्षानुवर्षं तेच शेरे लिहीत आले : 'छान', 'शुद्धलेखन सुधारा', 'अक्षर नीट काढा'. मुलं गुण बघतात आणि वही मिटतात. २०२० च्या टाळेबंदीत वह्याच हाती येईनात. निबंधाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर यायचे, म्हणून मी अभिप्राय बोलून पाठवू लागले. शाळा भरू लागल्यावरही ते सोडलं नाही.

आधी मी मुलाचंच एखादं वाक्य वाचून दाखवते. पूर्णविराम नसलेलं पाच ओळींचं वाक्य वाचताना मला दम लागतो, तो त्याला ऐकू येतो. एका मुलाने 'माझा आवडता प्राणी' गाइडातून उतरवला होता. मधेच एक ओळ मात्र त्याची स्वतःची होती : 'आमच्या गाईने पान्हा चोरला होता.' हातात लाल पेन असतं, तर मी तिथे 'विषयांतर' लिहिलं असतं. बोलताना सहज विचारलं, 'का रे चोरला? तू तेव्हा कुठे होतास?' दुसऱ्या दिवशी त्याने दीड पान लिहून आणलं. वासरू दगावलं होतं. आई पहाटे गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवरून नुसता हात फिरवत बसायची, चरवी दाराशीच ठेवून. त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी पेनानेच दाखवल्या. त्या बोलून कळत नाहीत.

फोन बहुतेक घरी वडिलांचा. ते रात्री कामावरून आले की अभिप्राय साऱ्या घरासमोर ऐकला जातो. म्हणून मी तो ग्रुपवर टाकत नाही, ज्याचा त्याला पाठवते; आणि रागवायचं असेल तर शाळेत, बाजूला घेऊन. वाचता न येणारी एक आई मुद्दाम भेटायला आली. म्हणाली, 'बाई, पोरगी काय लिहिते ते आत्ता कळलं मला.' मुलीच्या निबंधातला परिच्छेद तिने माझ्या आवाजात ऐकला होता.

दर मुलामागे दीड मिनिट धरलं, तर ५८ जणांचे दीड तास होतात. दोन संध्याकाळी पुरतात.

अडचण अधिकाऱ्यांच्या तपासणीच्या वेळी येते. गेल्या वर्षी माझ्या वह्यांवर 'शेरा नाही' अशी नोंद झाली. फोनमधले अभिप्राय ऐकवायला निघाले, तर 'वहीत दिसलं पाहिजे' एवढंच उत्तर मिळालं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन राज्यात २०१० साली आलं. त्यात प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद अपेक्षित आहे. पण तयार नोंदींच्या पीडीएफ शिक्षकांत सर्रास फिरतात, आणि तीच वाक्यं एकामागून एक मुलाच्या नावापुढे उतरतात. ती चालतात, कारण ती कागदावर असतात.

निबंधाखाली 'अभिप्राय बोलून दिला', तारीख आणि शिक्षकाची सही एवढं असेल, तर ती वही तपासलेली धरावी. अधिकाऱ्यांनी हवे तर त्यातले चार-पाच अभिप्राय ऐकावेत. शिक्षण विभागाने तशी स्पष्ट सूचना शाळांना द्यावी, ही विनंती.

— एक मराठी शिक्षिका, ता. सिन्नर, जि. नाशिक