छंदाने राखलेल्या कविता

महोदय,

साहित्यावरच्या दडपशाहीचा विषय निघाला की १९३३ साली बर्लिनमध्ये झालेली पुस्तकांची होळी हटकून आठवली जाते. सोव्हिएत रशियातला रानटीपणा वेगळा होता. साहित्य कशावर तग धरते हे समजून घ्यायचे तर तो आधी पाहावा. तिथे ज्वाळा दिसत नव्हत्या. १९२२ साली स्थापन झालेल्या ‘ग्लावलित’ या सेन्सॉर खात्याची परवानगी नाकारली की पुस्तक जन्मतच नसे.

फेब्रुवारी १९६१ मध्ये केजीबी या गुप्त पोलीस खात्याचे लोक कादंबरीकार वासिली ग्रोसमन यांच्या घरी आले. लेखकाला हात न लावता त्यांनी त्याची कादंबरी उचलून नेली. टंकलिखित प्रतींबरोबर वापरलेले कार्बन आणि टाइपरायटरच्या रिबिनीही गेल्या, कारण त्यांवर उमटलेली अक्षरे वाचता येतात. ग्रोसमन १९६४ साली वारले. मित्राकडे लपवलेली प्रत मायक्रोफिल्मवरून परदेशी पोचली आणि १९८० साली कादंबरी स्वित्झर्लंडमध्ये छापून आली.

इतरांनी ‘समिझदात’चा, म्हणजे स्वतःच प्रती काढण्याचा मार्ग धरला. पातळ कागद आणि कार्बन एकाआड एक लावून चळत टाइपरायटरवर चढवायची आणि बटणे जोरात मारायची. एका बैठकीत चार-पाच प्रती निघत. ठोका वरच्या कागदांतच जिरत असल्याने तळची प्रत पुसट येई. तिच्यावरून पुढचा वाचक पुन्हा टाइप करी, न लागलेला शब्द अंदाजाने भरी आणि ती चूक पुढच्या सगळ्या प्रतींत उतरे. शिवाय प्रत्येक यंत्राची अक्षरे आपापल्या परीने झिजतात. त्यामुळे मजकूर कोणत्या टाइपरायटरवर झाला हे ताडून पाहता येई.

म्हणून सर्वांत सुरक्षित जागा उरली ती स्मरणाची. कवी ओसिप मांडेलश्ताम यांनी स्टालिनवरची सोळा ओळींची कविता १९३३ मध्ये मोजक्या माणसांना फक्त म्हणून दाखवली. पुढच्या वर्षी अटक झाल्यावर चौकशीत ती त्यांच्याच हस्ताक्षरात कागदावर आली. १९३८ च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत ते गेले. त्यांच्या पत्नी नादेझ्दा स्त्रुनिनोच्या कापड गिरणीत रात्रपाळीला यंत्रांमधून फिरत त्यांच्या कविता पुटपुटत राहिल्या, विसरू नये म्हणून. कवयित्री आन्ना अख्मातोवा तर भिंतींना कान असतील या भीतीने मोठ्याने काहीतरी किरकोळ बोलत आणि त्याच वेळी कागदाच्या चिठोऱ्यावर आपल्या ओळी लिहून समोर धरत. त्यांच्या मैत्रीण लिदिया चुकोव्स्काया त्या मनात वाचून पाठ करत. मग चिठोरा रक्षापात्रात जाळला जाई. तुरुंगाबाहेर रांगा लावणाऱ्या बायकांवरच्या त्या कवितांना रशियात छापून यायला १९८७ साल उजाडले.

ग्रोसमन यांच्या शेकडो पानांच्या गद्याला मायक्रोफिल्म लागली. कवितेला माणसाचे डोके पुरले. याचे श्रेय वृत्ताला आणि यमकाला आहे. रशियन कवितेत आघात ठरलेल्या जागी पडतात. एखादा शब्द गळला की ओळ लंगडते आणि म्हणणाऱ्याला चूक तिथल्या तिथे कळते. कार्बनप्रतीत अशी चूक बिनबोभाट पुढे जाते. अभंग तालावर म्हणताना अक्षर कमी-जास्त झाले की टाळ चुकतो, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही.

म्हणून या कवितांचे मराठी भाषांतर मुक्तछंदात झालेले पाहिले की वाईट वाटते. अर्थ येतो, पण ज्या बांध्यामुळे कविता तगली तोच गळून पडतो. मुंबई आणि पुणे विद्यापीठांत रशियन शिकवली जाते आणि मराठीत ओवी, अभंग, मात्रावृत्ते हाताशी आहेत. भाषांतरकारांनी तिथे जोर लावावा. छापण्याआधी ते भाषांतर चारचौघांना पाठ म्हणायला द्यावे आणि जिथे सगळेच अडखळतील ती ओळ पुन्हा लिहावी.

– एक वाचक, पुणे