माफीनामा कोणत्या कलमाखाली? गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगतो, कारण मंत्रालयात आलेल्या पत्राचा दुसरा परिच्छेद वाचला जाईलच असं नाही. कुणीतरी पोलीस ठाण्यात 'आमच्या धार्मिक भावना दुखावल्या' असा अर्ज देतं. मग ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याला नुसत्या फोनवर बोलावून घेतात, बाकावर बसवून ठेवतात आणि 'माफीनामा लिहून द्या, विषय मिटवून टाका' असं सांगतात. हे थांबवणारं परिपत्रक तुमच्या खात्याने काढावं. सुरुवात ठाणे आणि नवी मुंबई या दोन आयुक्तालयांपासून केलीत तरी चालेल.

मी ठाण्यात राहतो, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो आणि देव मानत नाही. घरात देवघर आहे, ते पत्नीचं. गणपतीच्या दीड दिवसात मोदक मीही खातो. नास्तिक म्हटलं की देवळावर दगड मारणारा कुणीतरी डोळ्यांसमोर येतो, म्हणून एवढं सांगितलं. 2011 च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक नोंदवणारे देशभरात 33 हजारांच्या आसपास निघाले आणि त्यांत सर्वाधिक, साडेनऊ हजारांहून जास्त, आपल्या महाराष्ट्रातले होते. खरा आकडा याहून बराच मोठा असणार असं मला वाटतं. प्रगणकाला उत्तरं घरातला कर्ता माणूस देतो आणि मुलगी काय मानते हे तिला विचारायच्या फंदात तो पडत नाही.

रविवारी सकाळी आम्ही काही जण मासुंदा तलावाच्या काठी बसतो. एक गृहस्थ रोज पोथी वाचतात, एक नमाज चुकवत नाहीत, एक बाई बुद्धविहारात शिकवायला जातात, आणि दोघं-तिघं माझ्यासारखे. देव आहे की नाही हा वाद तिथे कधीच संपलेला आहे. म्हणजे कुणीच हरलं नाही, कंटाळा आला. आता भांडण होतं ते पुढच्या प्रश्नांवर. देव नसेल तर सुटून गेलेल्या नराधमाला शिक्षा कोण देणार? देव असेल तर भूकंपात मेलेल्या तान्ह्या मुलाचा गुन्हा काय? पूर्वजन्मीचं पाप म्हणाल, तर दलिताला दलित ठेवणाऱ्यांचं उत्तर तरी वेगळं काय होतं? पोथीवाल्या गृहस्थांनी मला एकदा विचारलं, "तुमची आई शेवटच्या महिन्यात घाबरायची, तेव्हा तुमच्या विवेकवादाकडे तिला द्यायला काय होतं?" मला राग आला. दुखलंही. अर्ज द्यायला मी कुठे गेलो नाही. पुढच्या रविवारी उत्तर घेऊन गेलो.

आमच्यातही उद्धट लोक आहेत, हे मान्य करतो. म्हाताऱ्या बाईच्या हातातल्या जपमाळेची टिंगल करण्यात काही जणांना शौर्य वाटतं. मला ते पटत नाही. पण उद्धटपणाला समोरच्याने तिथल्या तिथे चोख उत्तर द्यावं. त्यात पोलिसांचं काय काम?

आता ज्या प्रकारामुळे हे पत्र लिहितोय तो. आमच्या गटात ऐरोलीहून एक तरुण येतो. त्याच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तो म्हणाला, की सत्यनारायणाचा खर्च मेंटेनन्सच्या पैशांतून नको, ज्यांना पूजा हवी त्यांनी वर्गणी काढावी. कुणीतरी विचारलं, "तुम्हाला देवाचं वावडं आहे का?" त्याने सांगितलं, की मी देव मानत नाही, आणि प्रसाद घेतला नाही म्हणून जावयाची नाव बुडते ही सत्यनारायणाच्या पोथीतली गोष्ट मला भक्तीपेक्षा धमकीसारखी वाटते. एवढंच. दोन दिवसांनी फोन आला, "साहेबांनी बोलावलंय." पोलीस ठाणं कुठलं ते लिहीत नाही, कारण प्रश्न एका ठाण्याचा नाही. संध्याकाळी गेला तो रात्री सुटला. गुन्हा दाखल नव्हता, नोटीस नव्हती, अर्जाची प्रतही त्याला दाखवली नाही. बाहेर पंधरा-वीस माणसं उभी होती. हवालदार चांगला होता, चहा दिला, म्हणाला, "नोकरी आहे ना तुम्हाला? मग कशाला?" त्याने लिहून दिलं.

महोदय, कायदा इतका वाईट नाही. धर्माच्या अपमानाबद्दल 1927 साली इंग्रजांनी दंड संहितेत आणलेलं कलम 295-अ आता भारतीय न्याय संहितेत 299 म्हणून आहे. त्यात भावना दुखावणं एवढ्याने गुन्हा होत नाही. अपमान बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो. अजाणता किंवा बेफिकिरीने झालेला अपमान या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1957 सालीच सांगितलं आहे. पण हे सगळं संरक्षण गुन्हा दाखल झाल्यावर कामाला येतं. त्या तरुणाबाबत असं काहीच घडलं नाही, म्हणून न्यायालयात जाऊन रद्द करून मागण्यासारखंही त्याच्या हातात काही नाही.

आणि भावना दुखण्याला हद्द कुठे असते? गाय हा उपयुक्त पशू आहे, तिला देवता करू नका, हे सावरकरांनी लिहिलेलं आहे. लेखकाचं नाव न सांगता तो मजकूर त्याच सोसायटीच्या सभेत वाचून दाखवला, तर अर्ज किती तासांत येईल याचा अंदाज तुम्हालाही असेल.

पोलिसांची अडचण मला कळते. बाहेर जमाव असतो, आत अधिकारी एकटा असतो आणि आमच्या भागाला हा धाक नवा नाही. देवादिकांची थट्टा आहे म्हणून एका विनोदी नाटकावर राग धरला गेला आणि 4 जून 2008 रोजी ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या वाहनतळात बॉम्ब फुटला. 7 जण जखमी झाले. त्याआधी काही दिवस वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात ठेवलेला बॉम्ब वेळेत सापडला होता. 2011 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोघांना 10 वर्षांची शिक्षा सुनावली. 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. दाभोलकर गेले, त्यानंतर कॉम्रेड पानसरे. त्यामुळे एखादा अधिकारी म्हणतो, की बॉम्बपेक्षा अर्ज बरा, तेव्हा मी त्याला हसत नाही. अर्ज जरूर घ्या. पण माफीनामा घेऊन तुम्ही जमावाला शांत करत नाही, माणसं जमवली की काम होतं हे त्याला शिकवता. पुढच्या वेळी पंधराचे पन्नास येतील.

नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला हेच झालं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्या ओळींत धर्माचा विषयच नव्हता, तरी सुरुवातीला कलम लावलं ते हेच, 295-अ. जमावाने एकीच्या काकांचं रुग्णालय फोडलं. पुढे प्रकरण बंद झालं, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि त्या मुलींना अटक करताना वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्दच केलं. जमावाचं ऐकल्याचा भुर्दंड शेवटी खाकीलाच पडला, हे तुमच्या अधिकाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

रस्ताही उपलब्ध आहे, आणि ठाणेकर म्हणून मला त्याचा थोडा अभिमान आहे. न्यायमूर्ती अभय ओक यांनी 1983 मध्ये वकिली सुरू केली ती ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, वडिलांच्या कार्यालयातून. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या खंडपीठाने निकाल दिला, की कुठलाही धर्म न मानण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम 25 मध्येच आहे आणि सरकार कुणालाही धर्म सांगायला भाग पाडू शकत नाही. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात, एका खासदाराने प्रसारित केलेल्या कवितेच्या प्रकरणात, त्यांच्याच खंडपीठाने पोलिसांना वाट दाखवली. बोलण्या-लिहिण्याबद्दलच्या ज्या गुन्ह्यांना 3 वर्षं किंवा जास्त, पण 7 वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, तिथे तपासाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) प्रमाणे आधी प्राथमिक चौकशी करणं उचित. त्यासाठी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी आणि 14 दिवसांची मुदत. शब्दांचा परिणाम जोखायचा तो खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेतून, पदोपदी अपमान वाटून घेणाऱ्याच्या नव्हे.

परिपत्रकात म्हणून एवढंच असावं. अशा अर्जावर कुणालाही तोंडी बोलावू नये. बोलावणं लेखी असावं, त्यावर कलम आणि अर्जाची प्रत असावी. तपासात साक्षीदाराला बोलवायलासुद्धा लेखी आदेश लागतो आणि स्त्रियांना व साठी ओलांडलेल्यांना त्यासाठी पोलीस ठाण्यात यायला लावता येत नाही, मग ज्याच्यावर गुन्हाच नाही त्याला फोन कसला? चौकशी सहायक आयुक्तांच्या (आयुक्तालयात उपअधीक्षकाच्या दर्जाचे तेच) परवानगीने व्हावी आणि 14 दिवसांत तिचा निष्कर्ष दोन्ही बाजूंना लेखी कळवावा. माफीनामा कुठल्याही परिस्थितीत घेऊ नये. आणि पोलीस ठाण्याबाहेर जमाव जमवला असेल, तर त्याचीही नोंद स्टेशन डायरीत व्हावी. हे नियम आस्तिकालाही लागू राहतील. आमच्यातल्या एखाद्या उतावळ्याने उद्या कीर्तनकाराविरुद्ध अर्ज दिला, तर त्या बुवांनाही असंच बोलवा.

राहता राहिला तो आधीच घेतलेला माफीनामा. तरुणाने परत मागितला, तेव्हा 'असा काही कागद रेकॉर्डवर नाही' असं उत्तर मिळालं. रेकॉर्डवर नसेल तर तो त्याला देऊन टाकायला हरकत नसावी. त्याचं आणि त्या पोलीस ठाण्याचं नाव मी तुमच्या कार्यालयाला बंद पाकिटात स्वतंत्र पाठवलं आहे.

आपला,
ठाण्यातील एक निवृत्त शिक्षक