आबांचा तो फोटो पाठव

लालबाग, मुंबई

प्रिय वैशू,

फोनवर सांगायला गेले की गळा भरून येतो, म्हणून लिहितेय.

ओजसच्या चष्म्याचा नंबर वाढत होता तेव्हा आम्ही सगळे मोबाइलला शिव्या घालत होतो. जानेवारीत दादरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकून पाहिलं आणि नंबरचं राहू देत म्हणाल्या. डोळ्यातलं भिंगच वर सरकलं होतं. मग त्याला हात पसरायला लावून टेपने मोजलं. उंची १७६ सेंटिमीटर, हात १८६. ‘आठवड्याच्या आत इको करून घ्या.’ चष्म्यासाठी गेलो होतो गं आम्ही!

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, परळला झाला. हृदयातून निघणारी महाधमनी मुळाशी ४२ मिलिमीटर. चौदा वर्षांच्या पोराला हे फारच. नाव मार्फान सिंड्रोम.

शाळेत मी अंगठा मुठीत घालून पलीकडून बाहेर काढायचे आणि तुला जमायचं नाही म्हणून तू चिडायचीस, आठवतं? जेनेटिक्सच्या डॉक्टरांनी पहिल्याप्रथम तेच करायला लावलं, आधी ओजसला, मग मला. नंतर रक्त गेलं. एफबीएन१ नावाच्या जनुकात दोघांच्याही तोच दोष निघाला. या जनुकावरून फिब्रिलिन बनतं, शरीरातल्या जोडणाऱ्या ऊतींचा धागाच म्हण ना. आबा गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर होते, त्यामुळे मला जास्त समजवावं लागलं नाही. ताणा, म्हणजे उभा धागाच कच्चा असला की कापड ताणाखाली आधी विरतं आणि मग टरकतं.

आणि तिथेच मला आबा आठवले. करी रोडच्या पुलावर ‘पाठ कुणीतरी फाडतंय’ म्हणत खाली बसले होते. दवाखान्यात गॅसची गोळी मिळाली. रात्र काढली नाही त्यांनी. वय त्रेचाळीस. चाळभर ‘अ‍ॅटॅक’ झालं. आता डॉक्टर म्हणतात, इतक्या वर्षांनी छातीठोक सांगता येणार नाही, पण महाधमनी चिरली असावी.

मूळ दोषावर औषध नाही. ओजसला बीटा-ब्लॉकर चालू आहे, म्हणजे प्रत्येक ठोक्याचा धक्का जरा हलका बसतो. सोबत लोसार्टन, रक्तदाबाची गोळी. ठरावीक काळाने इको. रुंदी ५० च्या आसपास गेली की, किंवा भराभर वाढू लागली तर त्याआधीच, धमनीच्या मुळाचा भाग बदलायचा. झडप चांगली असेल तर तीच ठेवून. ठरवून केलेलं हे ऑपरेशन आणि चिरल्यावर धावपळीत केलेलं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची अँटिबायोटिक्स शक्यतो नकोत. पाकिटात चिठ्ठीच ठेवलीय, कारण जुलाब झाले की कोपऱ्यावरचा केमिस्ट आधी तेच काढून देतो.

कबड्डी बंद. हे मात्र त्याला सांगताना मी कच खाल्ली, यांनीच सांगितलं. दोन दिवस जेवला नाही. आता मैदानावर गुण लिहायला बसतो, आणि पंचांशी भांडतो.

माझी धमनी ३८ वर आहे, गोळी मलाही लागली. प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी, धाकटी सुटली. राग आहे तो दादावर. माझ्याहून उंच, छाती आत गेलेली, दोन मुलं, आणि म्हणतो, ‘नसती भुतं उकरू नकोस.’ साधा इको करायला सांगतेय मी. तू बोल ना त्याच्याशी, तुझं ऐकतो तो.

आणखी एक. डॉक्टर घराण्याचा तक्ता काढतायत. आबांचे दोन फोटो आहेत, दोन्हींत हात मागे. गोराईच्या सहलीत तुझ्या बाबांनी काढलेला, आबा आपल्या दोघींना बोरं काढून देतायत तो, तुमच्या ट्रंकेत असेल. त्यात त्यांची लांब बोटं स्पष्ट दिसतात. मोबाइलवर काढून पाठव, पण मूळ फोटो जपून ठेव, मी न्यायला येईन.

तुझी,
शिडी