दारू नको, पण गाण्याचे पैसे घ्या की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बेळगावात वीकेंडला काही हॉटेलांत गिटार, कीबोर्ड घेऊन गाणारी पोरं दिसायला लागलीत, त्याबद्दल थोडं लिहायचं होतं. मी दारू घेत नाही. घेणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही, ज्याचं त्यानं बघावं. पण गाणं ऐकायचा नाद आहे, आणि आपल्याकडं गाणं ऐकायचं म्हटलं की एकतर कुणाच्या तरी पुण्यतिथीची फुकट बैठक नाहीतर बार अँड रेस्टॉरंट, मधलं काय म्हणजे कायच नाही.

आता हॉटेलवाल्याचं गणित बघा. थाळीत त्याला गॅस, तेल, भाजी, आचारी सगळं बघावं लागतं, बाटलीचं तसं नाही, उघडून ग्लासात ओतली की झालं, त्यामुळं कमाई तिकडंच जास्त आणि गाणाऱ्या पोरांचं मानधन पण तिथनंच निघतं. बिलावर पण बघा, साध्या हॉटेलात जेवणाला ५ टक्के जीएसटी, दारू जीएसटीच्या बाहेर म्हणून तिचा हिशोब वेगळा. आमच्यासारख्यांचं बिल म्हणजे फक्त तो पहिला भाग. चौघांचं टेबल, दोन लिंबू सोडा, एक गोबी मंचुरियन आणि बसायचं गाणं संपेपर्यंत, मग वेटर दुसऱ्यांदा विचारायला आला नाही तर त्याचं तरी काय चुकलं ओ?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गाण्याचे पैसे गाण्याचे म्हणून घ्या. माणशी शंभर-दीडशे काय परवडेल ते म्युझिक चार्ज म्हणून लावा, पिणाऱ्याला तेवढाच आणि न पिणाऱ्याला पण तेवढाच. फक्त दारातच बोर्डावर लिहा, फोनवर टेबल बुक करताना सांगा. बिलात शेवटी गुपचूप घुसवलं की लोक चिडतात, सर्व्हिस चार्जचं तेच झालं, शेवटी २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाला सांगावं लागलं की तो आपोआप बिलात धरायचा नाही म्हणून. उघड सांगितलं तर देणारे देतात, आणि ज्यांना नुसतं जेवायचंय ते लांबच्या टेबलावर बसतील किंवा दुसरीकडं जातील.

काहीजण म्हणतील बेळगावची माणसं गाण्याला पैसे देणार नाहीत. मला नाही पटत. संगीत नाटक ज्यांनी उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरला १८४३ साली जन्मले. त्या नाटक कंपन्या गावोगाव कशावर जगल्या? तिकिटावरच की. कुमार गंधर्व सुळेभावीचे हे आपण कौतुकानं सांगतो आणि आज गाणाऱ्या पोराला टाळ्या वाजवून घरी पाठवतो, हे काय बरोबर नाही.

दुसरी गोष्ट बोर्डाची. आमच्या घरात बायकोला, बहिणीला गाण्याची आवड माझ्यापेक्षा जास्त, पण "बार" लिहिलेल्या दारातनं आत जाताना कोण बघेल आणि गल्लीत काय सांगेल याचीच धास्ती. मग ज्याला जमतं तो गाडी काढून चोर्ला घाट उतरून गोव्याला जातो, तिथं बँड ऐकतो, तिथंच पैसे घालवतो. मालक लोकांनी आठवड्यातली एक संध्याकाळ, बुधवार म्हणा गुरुवार म्हणा, दारू बंद ठेवून तिकीट लावून बघावं. तसंही मधल्या वारी हॉल रिकामाच असतोय.

आणि न पिणाऱ्यांना काहीतरी धड द्या ओ. मॉकटेल म्हणून जे निळं सरबत देताय त्यात साखर आणि बर्फ सोडून काय असतंय? घाट उतरलं की कोकण आहे, चांगलं आमसुलाचं सरबत ठेवा, सोलकढी ठेवा, कोथिंबीर मिरचीवालं ताक ठेवा, आम्ही परत परत मागवू आणि तुमचं बिल पण वाढेल. आत्ता मेन्यूत दारूला चार पानं आणि आम्हाला शेवटच्या पानावर खालच्या कोपऱ्यात तीन ओळी.

वाचकांना पण सांगतो, टेबल अडवून बसणार असाल तर जेवण तिथंच करा, आणि स्टेजपाशी क्यूआर कोड लावलेला असेल तर गाणाऱ्याला थोडं पाठवा. ही पोरं एका बैठकीत हिंदी, मराठी, कन्नड तिन्ही गातात, मागच्या टेबलावरनं चिठ्ठी आली की भावगीत, पुढच्यानं ओरडलं की नाट्यपद, फोनच्या उजेडात शब्द बघत. सोपं काम नाही ते. शिवाय उघड्यावरच्या गार्डन हॉटेलात रात्री १० नंतर स्पीकर चालत नाही, तो नियम आहेच, म्हणून नऊ वाजता निवांत येऊन "आत्ताच कसं संपलं" म्हणण्यापेक्षा साडेसातला या.

हॉटेलवाल्यांना शेवटचं एक. काउंटरवरचा मिक्सर गाणं चालू असताना फिरवू नका. गायक हळू आलाप घेतोय आणि तिकडं घर्र घर्र, आणि ते पण आमच्याच सरबतासाठी. दोन गाण्यांच्या मध्ये आणून दिलं तरी चालतंय, आम्हाला काय घाई नसते.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव