मिशीवाला फोटो आणि रांगेतली ताई

संपादक महोदय,

आमच्या चाळीतली एक तृतीयपंथी ताई गेल्या मतदानाला तासभर रांगेत उभी होती, आणि टेबलाशी पोचल्यावर कार्डावरचं जुनं नाव, मिशीवाला फोटो बघून सगळ्यांदेखत तिला इतके प्रश्न विचारले की ती मत न देताच घरी आली. खूप वाईट वाटलं. निवडणूक आयोगाने २००९ मध्येच मतदार यादीत लिंगासाठी 'इतर' हा पर्याय दिला, २०१४ ला सुप्रीम कोर्टानेही तृतीयपंथीयांना तिसरं लिंग म्हणून मान्यता दिली, पण नाव बदलायचं तर फॉर्म ८ भरा, पुरावे जोडा, अहो घरातून हाकललेल्या माणसाने कागद आणायचे कुठून? फुटपाथवर राहणाऱ्यांचं, भटक्या-विमुक्तांचंही तेच. आयोगाने वस्तीत येऊन कॅम्प लावावेत, बूथवरच्या स्टाफला नीट ट्रेनिंग द्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, लालबाग, मुंबई